साडूभाऊंचं शवासन

आमच्या साडूंइतकी जीव मुठीत धरून योगासनं करणारा माणूस सबंध मावळात दुसरा सापडायचा नाही. लोक मन शांत व्हावं म्हणून आसनं करतात. आमचे साडू आपली आसनं बरोबर होतायत की नाही या धसक्याने सतरंजी अंथरायच्या आधीच घामाघूम व्हायचे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, ते यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात, आणि इतक्या वर्षांत आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. माझं कामशेतला तांदळाचं दुकान आहे. सकाळी गादीवर बसलो की जेवायलाच उठायचं, एवढाच माझा व्यायाम. भाऊ रेल्वेत ड्रायव्हर, आणि त्यातही बँकरचे ड्रायव्हर. कर्जतहून लोणावळ्यापर्यंतचा घाट गाड्यांना एकट्याच्या जोरावर चढवत नाही, म्हणून कर्जतला त्यांच्या शेपटाला जादा इंजिनं लावतात. ती मागून रेटत गाडी वर आणतात, लोणावळ्याला सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली जातात. हेच ते बँकर. भाऊंनी कुठकुठल्या मुलखाच्या गाड्या घाटावर आणून सोडल्या, पण स्वतः इंजिन घेऊन लोणावळ्याच्या पुढे एक पाऊल गेले नाहीत. प्रवासी पुढच्या इंजिनाचे फोटो काढतात, मागच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. याचं भाऊंना वाईट वाटत असेल असं मला आधी वाटायचं. एकदा तसं विचारलं, तर म्हणाले, "फुडचा वाट दावतो पाव्हणं, वझं आमी उचलतो," आणि अशा काही ऐटीत चहाची बशी तोंडाला लावली की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

हा माणूस इंजिनातून उतरला तरी इंजिन काही त्याच्यातून उतरायचं नाही. ड्रायव्हर लोकांची एक शिस्त असते. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग मोठ्याने बोलायचा, हात करून दाखवायचा, आणि शेजारच्या असिस्टंटने तोच रंग परत बोलायचा, म्हणजे दोघांनाही दिसला अशी खात्री पटते. भाऊ स्कूटरवरही हेच करत. लोणावळ्याच्या चौकात सिग्नल सुटला की हे हात लांब करून "हिरवा!" म्हणून ओरडणार, आणि मागे बसलेल्या आक्कांनी, मांडीवर भाजीची पिशवी सांभाळत, "हिरवा!" असं उत्तर द्यायचं. एकदा आक्का रुसून गप्प बसल्या, तर यांनी भर चौकात स्कूटर उभी केली. मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले. आक्का म्हणाल्या, "आवं, समदा चौक बगतोय आपल्याकडं." हे म्हणाले, "बगू दे. तू बोल्ली न्हाईस तर मला कसं कळायचं तुला दिसलं का न्हाई?" शेवटी आक्कांनी दातओठ खात "हिरवा" म्हटलं, पण तोवर लाल झाला होता. मग दोघांनी मिळून "लाल" म्हटलं आणि परत थांबले.

अशा माणसाला एक दिवस इंजिनावरून उतरवलं. ड्रायव्हरांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते, त्यात भाऊंचा रक्तदाब भलताच चढलेला निघाला. वेळी-अवेळीच्या ड्युट्या, गार झालेला डबा, दिवसा पडदे ओढून घेतलेली अर्धी झोप, हे सगळं अंगात मुरत गेलं होतं. डोकं सतत दुखायचं, छातीत जळजळायचं, घरात भांडं पडलं तरी हे दचकून उठायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, आणि म्हणाले, "मनावरचा ताण उतरवा. योगासनं शिका. तीन महिन्यांनी या." तोपर्यंत गाडी चालवायची नाही. भाऊंची नोकरी संपायला दोन वर्षं उरली होती. आमच्याकडे ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याच्या इंजिनाला झेंडूच्या माळा घालतात, बायकापोरं फलाटावर हार घेऊन उभी राहतात, आणि तो आपली शेवटची गाडी घेऊन येतो, भोंगा वाजवत. भाऊंनी हा सोहळा दुसऱ्यांसाठी कितीदा केला होता. स्वतःच्या वेळी आक्कांनी कुठली साडी नेसायची हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. "खुर्चीवरनं न्हाई रिटायर व्हायचं मला," ते म्हणायचे, "इंजिनातनं उतरायचंय." एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी एक आकडा खाली यायला हवा होता.

मधल्या काळात त्यांना लॉबीत बसवलं. लॉबी म्हणजे ड्रायव्हर मंडळींची हजेरीची खोली. तिथे ड्युटीवर जाणाऱ्या प्रत्येकाला एका यंत्रात फुंकर मारावी लागते, दारू प्यायला नाही ना, हे बघायला. ते यंत्र धरून बसायचं काम भाऊंना मिळालं. ज्याला श्वास घ्यायला शिकायचं होतं त्याच्यावर दिवसभर दुसऱ्यांचा श्वास तपासायची वेळ आली. योगाचा क्लास सुरू झाला तशी त्यांनी तिथेही शिकवणी सुरू केली. "ह्यो काय दम झाला? छातीतनं सोडला तू. पोटातनं सोड, परत फुंक." पोरं वैतागायची. एकाने तर वरच्या साहेबांकडे तक्रार केली की माझ्या तोंडाला वास नाही, यंत्र बरोबर आहे, पण भाऊ मला तीनदा फुंकायला लावतात आणि खांदे ढिले सोड म्हणतात.

लोणावळ्यात योग शिकायला कुठकुठल्या देशांतून माणसं येतात. भाऊंनी जन्मभर त्यांच्या पाठीवरच्या सतरंज्यांच्या गुंडाळ्या तेवढ्या पाहिल्या होत्या. आता तेही तुंगार्लीच्या एका बाईंच्या क्लासला जाऊ लागले. बाई साठीच्या, सडसडीत, आवाज इतका हलका की पंखा बंद करून ऐकावा लागे. पहिल्याच दिवशी भाऊ वीस मिनिटं आधी हजर, चपला रांगेत, आणि जागा सगळ्यांच्या मागे. बाई म्हणाल्या, "पुढे या ना." हे म्हणाले, "माजी जागा मागंच बाई. हितनं समदे दिसत्यात." नाकपुडी बदलायची वेळ आली की मोठ्याने "डावी क्लिअर" म्हणायचे. शेजारच्याने परत म्हटलं नाही तर त्याच्याकडे वळून बघायचे. त्यांच्या पुढच्या सतरंजीवर बंगलेवाले एक जाडजूड गृहस्थ असत. पाय पसरून पुढे वाकायच्या आसनात ते निम्म्यावरच अडकायचे. एके दिवशी भाऊंना राहवलं नाही. ते उठले, त्यांनी गृहस्थांच्या पाठीला दोन्ही तळवे लावले आणि घाटाच्या अंदाजाने रेटा दिला. गृहस्थांचं कपाळ आयुष्यात पहिल्यांदा गुडघ्याला टेकलं, आणि त्यानंतर आठवडाभर ते क्लासला आले नाहीत.

पण खरी गंमत शवासनात होती. सगळ्यांना आवडणारं ते आसन, नुसतं पडून राहायचं. भाऊंना तेच जमेना. ते सावधानमध्ये उभं केल्यासारखे आडवे पडायचे आणि डोळे टक्क उघडे. "अहो, डोळे मिटा," बाई सांगायच्या. "डोळं उगडं ठेवायचाच पगार घेतलाय बाई एवढी वर्सं," हे म्हणायचे. कसेबसे मिटले तर बाईंना निराळाच प्रकार दिसला. अंग सगळं स्थिर, पण दर मिनिटाने उजवा पाय टिचकीसारखा खाली दाबला जायचा. बाईंना वाटलं पेटका येत असेल, त्यांनी तेल लावायला सांगितलं. आक्कांनी महिनाभर तेल चोळलं. शेवटी मीच एकदा भाऊंना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. इंजिनात म्हणे ड्रायव्हरने मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही त्याने पायाखालचं बटण दाबलं नाही तर हा झोपला असं समजून इंजिन आपोआप ब्रेक लावतं. भाऊ डोळे मिटले की ते बटण दाबत होते. त्यांचं त्यांना माहीतही नव्हतं. मी पोट धरून हसलो. भाऊ नाही हसले. आपल्या पायाकडे बघत म्हणाले, "त्याला सांगायला पायजे, आता लॉबीत हाय म्हनून."

घरी त्यांनी रक्तदाबाचं यंत्र आणलं आणि दिवसातून इतक्यांदा मोजायला लागले की मोजून मोजूनच तो चढायचा. आक्कांनी ते तांदळाच्या पिंपात लपवलं. मग हे शोधाशोध करून आणखी चढवायचे. एकदा यंत्र घेऊन माझ्या दुकानात आले आणि ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी मला पोत्यावर बसवून माझा दंड बांधला. आकडा बघून त्यांचा चेहरा फुलला. "पाव्हणं, तुमचा माज्यापरीस जास्ती हाय!" असं त्यांनी अख्ख्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि मला तिथेच नाक धरायला लावलं. एक म्हातारी इंद्रायणी घ्यायला आली होती. मला डोळे मिटून नाक दाबलेलं बघून तिने तांदूळ हुंगून पाहिला आणि न घेताच गेली. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला भाऊंचा हेवा वाटला. माझ्या वयाला मला एवढ्या ओढीने परत मिळवावंसं वाटेल असं काही नव्हतं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. घरी उतरलेला आकडा डॉक्टरांपुढे दंडाला पट्टा बसला की सरसर वर चढला. आणखी तीन महिन्यांनी तेच. साहेबांनी सांगून टाकलं की तिसऱ्या वेळी बघू, नाहीतर कायमची लॉबी. भाऊ आणखी जिवावर उदार होऊन आसनं करायला लागले. त्यांना राग कमी येऊ लागला होता, झोप लागू लागली होती, जळजळीच्या गोळ्या सुटल्या होत्या. आक्का माझ्या बायकोला सांगत होत्या, "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा मानूस माज्याशी हळू बोलतंय गं." या सगळ्यात भाऊंना काही रस नव्हता. त्यांना फक्त इंजिन हवं होतं.

आणि मग एका सकाळी ते अचानक दुकानात आले आणि पोत्यावर बसले. मी चहा मागवला, तो गार झाला. मग म्हणाले, "पाव्हणं, आज पाय हलला न्हाई." मला आनंद झाला. मी म्हटलं, "अहो, मग पेढे द्या की." ते म्हणाले, "बाईंनी उठवलं तवा कळलं. लय वेळ गेलता. मला कायच म्हाईत न्हाई. डोळ्यातनं पानी येत हुतं, त्ये बी म्हाईत न्हाई." थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "इंजिन थांबलं असतं की," असं म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशी मला त्यांचा चेहरा काही नीट वाचता आला नाही. मी दिवसभर तांदूळ मोजत राहिलो आणि दोनदा चुकलो.

तिसऱ्या तपासणीला मी बरोबर गेलो. आक्कांनी देवापुढे दिवा लावला होता. घाटाखालच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, जरा घाईतच. मला दाराशी उभं राहू दिलं. त्यांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. परत एकदा बांधला. भाऊ डोळे मिटून बसले होते, हात मांडीवर, खांदे सैल, अगदी बाईंनी शिकवलं तसे. डॉक्टर हसले. म्हणाले, "वा! काय केलंत काय? एकदम फिट." आणि कागद ओढून पेन उघडलं. मला वाटलं धावत बाहेर जावं आणि आक्कांना फोन करावा.

"सायेब," भाऊ म्हणाले, "येक सांगायचं ऱ्हायलंय."

मग जे त्यांनी सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आक्कांनाही माहीत नव्हतं. इंजिनावरून उतरवायच्या महिनाभर आधी, गाडी मागून रेटत असताना, मंकी हिलच्या अलीकडे एक बोगदा लागतो तिथे ते घडलं होतं. "बोगदा संपला, पन मला उजेड दिसलाच न्हाई सायेब. मला वाटलं आजून बोगद्यातच हाय. असिस्टंट हिरवा म्हनला, आन् मी बी हिरवा म्हनलो, न बगताच. चार-पाच दम ग्येले आसतील. मग दिसाया लागलं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भाऊ म्हणाले, "कुनाला बोल्लो न्हाई. पट्टा बांदला की वाटायचं, आता ह्ये मशीन समदं सांगनार. म्हनून चढायचं. आता न्हाई चढत. पन झालं त्ये झालंच की."

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही बोलला नसतात तर मी सही केली असती." भाऊ म्हणाले, "तुमची सही चालली आसती सायेब. पन फुडं गाडी भरून मानसं आसत्यात. त्यास्नी ठावं बी नसतंय मागं कोन हाय त्ये."

पुढच्या तपासण्या झाल्या, औषध बदललं, त्रास वेळेवर सापडला असं सगळे म्हणाले. इंजिन मात्र गेलं. डॉक्टरांना सांगितलं त्या दिवशी परतताना आम्ही गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसलो. भाऊंनी मुद्दाम तोच निवडला. कर्जतला मागे बँकर लागले, एक हलकासा धक्का बसला, आणि गाडी घाट चढू लागली. मला त्यांचा राग आला होता, हे सांगून टाकतो. दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं असतं तर माळा घातलेलं इंजिन मिळालं असतं, असं सारखं मनात येत होतं. भाऊ पाठ डब्याच्या भिंतीला टेकून बसले होते. ठाकूरवाडीच्या पुढे ते म्हणाले, "चांगला रेटतोय. हिसका न्हाई देत." कोण चालवतोय ते मी विचारलं नाही. लोणावळा येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

ते खुर्चीवरूनच निवृत्त झाले. पोरांनी लॉबीच्या खुर्चीला माळा घातल्या, यंत्राला हळदकुंकू लावलं, आणि ज्याने तक्रार केली होती तोच पोरगा पाया पडताना रडला. आक्का ठरवलेली साडी नेसून आल्या होत्या. भाऊ सगळ्यांशी हसून बोलले. घरी आल्यावर त्यांनी साडी चांगली दिसत होती असं आक्कांना दोनदा सांगितलं.

आता रविवारी मी आणि बायको लोणावळ्यात भांगरवाडीला त्यांच्याकडे जातो. माझाही आकडा अजून वरच असल्यामुळे सकाळी गच्चीवर आम्हा तिघांचा क्लास भाऊ घेतात. मी, बायको आणि आक्का पुढे, ते मागे. बाईंनी त्यांना आणि मला श्वास रोखायची सक्त मनाई केली आहे; दाबवाल्यांनी घ्यायचा आणि लगेच सोडायचा. नोकरीभर, तो एक बोगदा सोडला तर, नियम न मोडलेला हा माणूस हा नियमही पाळतो. "घ्या," म्हणतात, "सोडा." पण मध्येच कधीतरी घाटाकडून गाडीचा आवाज येतो. पुढचं इंजिन स्टेशनात शिरतं आणि मागून तो जड, दमलेला घरघराट हळूहळू वर येत राहतो. तेव्हा भाऊंनी "घ्या" म्हटलेलं असतं आणि "सोडा" येत नाही. आमच्या पाठीमागे ते उभे असतात, त्यांचं तोंड कुणीकडे असेल ते बघायला आम्हाला वळायची गरज नसते. गाडी थांबते. मागचं इंजिन सुटतं, छोटासा भोंगा देतं. श्वास सोडला तर कुणाला कळणार नाही, बाईंनी बजावलेलं आहे, छाती भरून आलेली असते. तरी आम्ही तिघंही, भाऊ म्हणेपर्यंत, सोडत नाही.